माळढोकाचा खर्च कोणाच्या खाती?

वन्य जीवांच्या रक्षणाचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. अभयारण्य जाहीर झाले की शहरातील सुशिक्षित वर्ग समाधान पावतो. त्या समाधानाची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाकडून तरी वसूल होते. सोलापूर आणि अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या जिल्ह्यांतील माळढोक अभयारण्याचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

१९७९ साली हे अभयारण्य अधिसूचित झाले, तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक होते. त्यात करमाळा, मोहोळ, कर्जत, श्रीगोंदे, नेवासे अशा तालुक्यांतील गावे, बाजारपेठा, रस्ते आणि मुख्यतः शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आल्या. नकाशावर रेघ ओढणाऱ्यास ती लांब ओढल्याचा वेगळा खर्च पडत नाही!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम २० असे सांगते की, अधिसूचनेनंतर त्या क्षेत्रातील जमिनीवर वारसाहक्काखेरीज कोणासही नवा हक्क संपादन करता येणार नाही. या तरतुदीचा हेतू गैर नाही. जिल्हाधिकाऱ्याने लोकांच्या हक्कांची चौकशी करावी, ते मान्य करावेत अथवा मोबदला देऊन संपादावेत, आणि तोवर नवे हितसंबंध उभे राहू नयेत, अशी ती तात्पुरती व्यवस्था होय. ही चौकशी शक्यतो दोन वर्षांत पुरी व्हावी, असे पुढे २००२ च्या दुरुस्तीने कायद्यातच घातले गेले. माळढोकाच्या बाबतीत मात्र ही तात्पुरती अवस्था तीन दशके टिकली. दुष्काळात वा मुलीच्या लग्नात एक-दोन एकर विकता येणे हाच कोरडवाहू शेतकऱ्याचा विमा असतो. नेमका तोच कायद्याने गोठविला. अशा शेतकऱ्याने पक्ष्यावर प्रेम करावे, ही अपेक्षा सभागृहातल्या व्याख्यानातच शोभते.

एवढे सोसून पक्षी तरी वाचला काय? माळढोक हा उघड्या माळाचा पक्षी. तो जमिनीवरच आणि बहुधा एकच अंडे घालतो. नाकतोडे, भुंगेरे, धान्याचे दाणे हे त्याचे खाद्य. गवताळ माळ आणि त्याला लागून असलेली ज्वारी-तुरीची जिरायत शेते हेच त्याचे घर, आणि तेथला शेतकरी त्याचा नकळत पोशिंदा. १९८० मध्ये भीमेवरील उजनी धरण पुरे झाले. कालवे आले, विंधण विहिरी आल्या, ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. जमीन विकण्यास बंदी होती; पण माळ नांगरून ऊस लावण्यास प्रत्यक्षात कोणी आडवे आले नाही. उलट त्यासाठी कालव्याचे पाणी, पीककर्ज आणि साखर कारखान्याचे गिऱ्हाईक हजर होते. कागदावरचा व्यवहार रोखला गेला, जमिनीवरचा बदल रोखला गेला नाही. उरलेला माळ 'पडीक' समजून त्यावर झाडे लावण्याची हौस झाली, ती निराळीच.

२०१२ च्या सुमारास अभयारण्याचे क्षेत्र घटवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. असंख्य शेतकरी सुटले. पक्षी त्याआधीच बहुतांशी नाहीसा झाला होता. आज नान्नजच्या माळावर एखादा माळढोक दिसला तर ती वृत्तपत्राची बातमी होते. देशात उरलेल्या जेमतेम दीडशे पक्ष्यांपैकी बहुतेक राजस्थानात आहेत.

म्हणून संरक्षणच नको, हा निष्कर्ष आळशी आहे. २००२ च्याच दुरुस्तीने कायद्यात 'समुदाय राखीव क्षेत्रा'ची सोय झाली: मालकी शेतकऱ्याची, सहभाग स्वेच्छेचा, मात्र व्यवस्थापन समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांवाचून जमिनीचा वापर बदलावयाचा नाही. या सोयीस पैशाची जोड हवी. माळ न मोडणाऱ्यास, ज्वारी राखणाऱ्यास, उसाच्या उत्पन्नाशी येणारा फरक दर एकरी रोख मिळाला पाहिजे. यास अनुदान म्हणून नाके मुरडणाऱ्यांनी उसाला स्वस्त पाण्याच्या रूपाने काय मिळते, याचा हिशेब आधी मांडावा. माळावर लांडगा, खोकड, काळवीट आणि धाविक अजून आहेत. त्यांच्यासाठी अशा जमिनीचा दर ठरवावयाचा तर तो अधिसूचनेआधी, गावाच्या ग्रामसभेत, मालकांसमोर ठरावा.