पाहुणा कोण, ते आधी विचारा

सकाळचे सहा वाजून पाच मिनिटं झाली होती. इथे इंग्लंडमध्ये रेडिंगला उन्हाळ्यात उजाडतं लवकर, पण सहाला मी काही उठत नाही. फोन वाजला आणि स्क्रीनवर 'अण्णा' दिसलं. कराडला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. अण्णा या वेळेला कधीच फोन करत नाहीत. परदेशात राहणाऱ्या कोणालाही हे सांगायला नको, की घरून अवेळी आलेला फोन उचलेपर्यंत मनात काय काय येऊन जातं.

"आई बरी आहे, मीही बरा आहे," अण्णांनी आधी तेवढं सांगून टाकलं. "पण तुझ्या त्या यंत्रानं खजिनदारांचा पेन ड्राइव्ह गिळला."

झालं होतं ते असं. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघाची त्या दिवशी अकरा वाजता वार्षिक सभा होती. खजिनदार शेवटच्या क्षणी हिशोबाची एक दुरुस्त प्रत छापायला आमच्या घरी आले. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला. पहिल्या क्षणी फाइल दिसल्या, आणि अण्णा चष्मा शोधून येईपर्यंत एकेक करत सगळ्या नाहीशा झाल्या. वर्षाचा हिशोब, सभासदांची यादी, सहलीचे फोटो, सगळंच. ड्राइव्ह कोरा. खजिनदार घामाघूम.

तो लॅपटॉप मी बसवलेला होता आणि चूकही शंभर टक्के माझी होती. म्हणूनच हे लिहितो आहे. आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत घरी गेले की आई-वडिलांसाठी असं काहीतरी 'आपोआप' चालणारं बसवून येतात. त्यांना माझ्या फजितीचा उपयोग व्हावा.

अण्णांना निवृत्तीनंतर फोटोंचा नाद लागला. रोज पहाटे प्रीतिसंगमावर जायचं, नदीकाठच्या पक्ष्यांचे फोटो काढायचे. कॅमेऱ्याचं कार्ड दर आठवड्याला भरायचं आणि ते रिकामं करणं त्यांना जमेना. घरचा आधीचा कॉम्प्युटर तर झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेन ड्राइव्हमुळे कायम आजारी असायचा. फोल्डर उघडायला जावं तर त्याच्या जागी शॉर्टकट, हा अनुभव आपल्याकडे अनेकांनी घेतला असेल. म्हणून गेल्या वेळी मी एका जुन्या लॅपटॉपवर उबुंटू टाकून दिलं आणि वर एक हुशारी केली.

लिनक्समध्ये यूडेव्ह नावाची एक व्यवस्था असते. कॉम्प्युटरला कोणतंही उपकरण जोडलं किंवा काढलं, की तिला वर्दी मिळते. मग ती आपण लिहून ठेवलेले नियम वाचते. नियमाचे दोन भाग. पहिला म्हणजे ओळख: आलेलं उपकरण कोणत्या कंपनीचं, कोणतं मॉडेल, त्याचा अनुक्रमांक काय. दुसरा म्हणजे कृती: ओळख पटली तर काय करायचं. कृतीवर मी खूप विचार केला. कार्ड लागलं की फोटो तारखेच्या फोल्डरमध्ये हलवायचे, कार्ड मोकळं करायचं, शेवटी एक घंटी वाजवायची. ओळखीच्या बाबतीत मात्र आळस केला. 'यूएसबीतून कोणतंही स्टोरेज आलं की' एवढंच लिहिलं. घरात कॅमेऱ्याच्या कार्डाशिवाय दुसरं येणार तरी काय, असं मला वाटलं. बरं, कॉपी नव्हे, हलवायचे. म्हणजे मूळ जागेवरून जायचे.

दोन महिने सगळं छान चाललं. अण्णा कार्ड लावायचे, घंटी वाजायची, मला इथे बसून अभिमान वाटायचा. मग खजिनदार आले.

मी अंथरुणातूनच इथला लॅपटॉप उघडून कराडच्या यंत्रात शिरलो. फाइल त्या दिवसाच्या फोल्डरमध्ये सुखरूप होत्या. त्या परत ड्राइव्हवर टाकल्या, अण्णांनी हिशोब छापला, सभा वीस मिनिटं उशिरा सुरू झाली. नुकसान काही झालं नाही, असं मी म्हणालो. अण्णांना ते पटलं नाही. सभेत कोणीतरी हसत हसत म्हणालं होतं, "मास्तरांच्या घरी हिशोब गायब होतो बरं का!" चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला ते लागलं. खजिनदारांनी त्यानंतर बरेच दिवस छपाई बाहेरून करून आणली.

दोन दिवसांनी अण्णा शांतपणे म्हणाले, "आपल्या दारात पाहुणा आला की आपण आधी कोण म्हणून विचारतो. मग त्याला पाणी देतो. तुझं यंत्र कोण ते न विचारता सरळ त्याची पिशवी उचलून आत नेतं."

मी गेली अकरा वर्षं याच क्षेत्रात काम करतो, पण इतक्या थोडक्यात हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

खरं तर कॉम्प्युटर क्षेत्राने हा धडा फार महागात घेतला आहे. विंडोज ९५ मध्ये सीडी आत सरकवली की तिच्यावरचा प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचा. त्याला ऑटोरन म्हणायचे. हेतू चांगलाच होता, नवख्या माणसाला काही शोधत बसावं लागू नये. पण पुढे पेन ड्राइव्ह आले, हातोहात फिरू लागले, आणि ही सोय व्हायरसला राजमार्ग झाली. २००८ च्या अखेरीस कॉनफिकर नावाचा वर्म पसरला. तो नेटवर्कमधून जायचाच, शिवाय त्याच्या पुढच्या रूपांनी पेन ड्राइव्ह आणि ऑटोरनचाही वापर केला. २०१० च्या सुरुवातीला इथल्या ग्रेटर मँचेस्टर पोलिसांना त्याच्यामुळे राष्ट्रीय पोलीस संगणकापासून काही दिवस तुटून राहावं लागलं. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हसाठी हा आपोआपपणा काढून टाकला, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या एक्सपी आणि व्हिस्टासाठीही तसा अपडेट दिला. ९५ पासून मोजलं तर पंधराहून अधिक वर्षं गेली.

'लोकांनी सांभाळून राहावं' असं म्हणून भागत नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात संशोधकांनी २९७ पेन ड्राइव्ह मुद्दाम इकडेतिकडे टाकून पाहिले. त्यांतल्या किमान ४५ टक्के ड्राइव्हमधल्या फाइल कोणीतरी उघडल्या. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. कुतूहल माणसाचं असतंच, आणि बऱ्याचदा तर मालकाला वस्तू परत करावी हा चांगुलपणाही असतो. म्हणून विचारण्याचं काम यंत्राने करायला हवं.

आता मोबाइल पाहा. आयफोन अनोळखी कॉम्प्युटरला जोडला की 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का' असं विचारतो. अँड्रॉइडचा फोन आधी नुसता चार्ज होतो, फाइल द्यायच्या असतील तर आपण तसं सांगावं लागतं. हे प्रश्न आपल्याला कटकटीचे वाटतात. मलाही वाटायचे. आता वाटत नाहीत.

अर्थात ओळख विचारूनही प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण उपकरण खोटं बोलू शकतं. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी दाखवून दिलं, की पेन ड्राइव्हच्या आतलं फर्मवेअर बदललं तर तो कॉम्प्युटरला 'मी कीबोर्ड आहे' असं सांगू शकतो आणि मग स्वतःच कळा दाबल्यासारखे हुकूम देऊ शकतो. म्हणून ओळख पटल्यावरही कृती बेताचीच हवी. ओळखीचा माणूस म्हणून आपण त्याला कपाटाच्या किल्ल्या देत नाही.

एवढं झाल्यावर मी नियम पुन्हा लिहिला. या वेळी अण्णांशी फोनवर बोलून. आता तो फक्त त्यांच्या एका कार्ड रीडरला ओळखतो, अनुक्रमांकासकट. त्या रीडरला आईने लाल चिकटपट्टी लावली आहे. कार्डाचीच ओळख का घेतली नाही, असं जाणकार विचारतील. अण्णा कार्ड कॅमेऱ्यात फॉरमॅट करतात आणि दर वेळी त्याचा आयडी बदलतो, म्हणून. रीडर तोच असला तरी कार्डावर कॅमेऱ्याचं नेहमीचं फोल्डर आहे का, हे पाहिलं जातं. मग स्क्रीनवर मराठीत प्रश्न येतो: 'फोटो उतरवून घेऊ का?' खाली दोन बटणं, 'हो' आणि 'नको'. 'हो' म्हटलं तरी फक्त कॉपी होते. कार्डावरचं काहीही पुसलं जात नाही, ते अण्णा स्वतः पाहून पुसतात.

तांत्रिक कामातल्या मंडळींसाठी एक गोष्ट. मोठी कॉपी थेट यूडेव्हच्या नियमातून चालवू नका. ती व्यवस्था झटपट कामांसाठी आहे, रेंगाळणारं काम ती मध्येच तोडते. नियमाने फक्त निरोप द्यावा आणि काम सिस्टिमडीच्या सर्व्हिसकडे सोपवावं.

झाकणाचा किस्सा मात्र उलटा घडला. लॅपटॉपचं झाकण मिटणं हीसुद्धा यंत्राच्या दृष्टीने एक घटनाच, आणि त्यावर यंत्राने झोपायचं, की जागं राहायचं, हे ठरवता येतं. आई पुसायला घेतलं की झाकण लावायची आणि कॉपी अर्धवट राहायची. म्हणून मी ठरवून टाकलं, झाकण लागलं तरी जागंच राहायचं. आई म्हणाली, "अरे, झाकण लावलं की तो झोपतो, एवढं एकच मला त्याचं कळतं. तेवढं तरी राहू दे." मी ते जसंच्या तसं ठेवलं. फक्त कॉपी चालू असेल तेवढा वेळच झाकणाकडे दुर्लक्ष होतं, आणि तेही आईला सांगून.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपण लांब राहतो. घरी काही झालं तर धावत जाता येत नाही, ही टोचणी प्रत्येकाला असते. म्हणून आपण दाराला कॅमेरा लावतो, सेन्सर बसवतो, हे झालं की ते आपोआप व्हावं असे नियम लिहितो. त्यात वाईट काही नाही. पण त्या घरात राहतात ते. शेजारी, खजिनदार, कामवाल्या मावशी, सगळ्यांशी संबंध त्यांचे आहेत. नियम चुकला तर आपल्याला एक फोन येतो, त्यांना मात्र चार लोकांत उत्तर द्यावं लागतं. तेव्हा बसवण्याआधी त्यांच्यासोबत बसून चार प्रश्न विचारावेत. हे नेमकं कोणासाठी चालेल, आणि दुसरं कोणी आलं तर काय होईल? झालेलं उलटं करता येईल का? काय झालं, ते घरातल्या माणसाला त्याच्या भाषेत कळेल का? आणि मला फोन न करता ते बंद करता येईल का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असेल तर ती सोय बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्याकडे आता लॅपटॉपशेजारी अण्णांच्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर हे सगळं बंद कसं करायचं, ते तीन ओळींत लिहिलं आहे.

यावर कोणी म्हणेल, इतकं विचारत बसायचं तर आपोआप कशाला म्हणायचं? अण्णांना आठवड्यातून एकदा 'हो' दाबावं लागतं, एवढाच तो त्रास. बाकीचं काम यंत्रच करतं.

दसऱ्याला खजिनदार सोनं द्यायला आले आणि निघताना जरा संकोचानेच म्हणाले, एक पान छापायचं होतं. पेन ड्राइव्ह लावला, पान छापलं, चहा झाला. यंत्राने काहीच विचारलं नाही, कारण तो रीडर लाल पट्टीचा नव्हता. हे मला अण्णांनी त्या दिवशी रात्री सांगितलं, म्हणजे माझ्या संध्याकाळी.

"तेव्हाच का नाही कळवलंत?" मी विचारलं.

"तुझं काही काम नव्हतं," ते म्हणाले. "झोपू दिलं."