विश्लेषण : जॅग्वारची ई-टाइप की एफ-टाइप? ५० वर्षांनी रस्त्यावर कोणती असेल?

जुनी क्लासिक मोटार भारी की नवी स्पोर्ट्स कार, हा वाद मोटारप्रेमींमध्ये कायम रंगतो. जॅग्वारच्या दोन गाड्या समोरासमोर ठेवून तो तपासून पाहू. ई-टाइप १९६१ मध्ये जिनिव्हाच्या मोटार शोमध्ये अवतरली. एफ-टाइप २०१३ मध्ये बाजारात आली. त्याआधीच, २००८ मध्ये, जॅग्वार मुंबईच्या टाटा मोटर्सने घेतली होती. २०२४ मध्ये एफ-टाइपचे उत्पादनही थांबले.

आकडे काय सांगतात?

सुरुवातीच्या ई-टाइपमध्ये ३.८ लिटरचे सहा सिलिंडर इंजिन होते. कंपनीचा दावा २६५ अश्वशक्तीचा. शून्यापासून ताशी ६० मैल (सुमारे ९६ किमी) वेग गाठायला तिला साधारण सात सेकंद लागत. एफ-टाइप आरचे ५ लिटरचे सुपरचार्ज्ड व्ही-८ इंजिन ५५० अश्वशक्ती देते आणि तोच वेग चार सेकंदांच्या आसपास गाठते. शर्यत इथेच संपते.

नवी गाडी जड का?

ई-टाइपचे वजन सव्वा टनाच्या आसपास. एफ-टाइपची बॉडी ॲल्युमिनियमची, तरी वजन दीड टनाहून जास्त. एअरबॅग, धडक सोसणारा सांगाडा, रुंद टायर, एसी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स यांचा हा भार आहे. ई-टाइपला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते, जे त्या काळी मोठे पाऊल होते. पण एबीएस आणि एअरबॅग नव्हत्या. वाढलेले वजन जीव वाचवते, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नको.

मग जुनी कुठे जिंकते?

गॅरेजमध्ये. ई-टाइपला इंधन पुरवतात तीन एसयू कार्ब्युरेटर. ते खोलता येतात, साफ करून पुन्हा बसवता येतात. एखादा भाग मिळाला नाही, तर कुशल कारागीर तो लेथवर घडवतो. एफ-टाइपचे इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक सारे काही कंट्रोल युनिट आणि सॉफ्टवेअरच्या ताब्यात आहे. चिप लेथवर घडत नाही.

याचा आपल्याशी काय संबंध?

२०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ दर्जा व ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक मिळतो. २०१३ ची गाडी त्यासाठी २०६३ नंतर पात्र ठरेल. तोवर तिचे सॉफ्टवेअर आणि सुटे भाग कोण पुरवणार?

प्रश्न फक्त श्रीमंतांच्या गाड्यांचा नाही. आपल्या सोसायटीच्या पार्किंगमधली हॅचबॅकही आता कंट्रोल युनिटवरच चालते. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, त्यात वाहन क्षेत्रही आहे. पण माहिती देणारे पोर्टल पुरेसे नाही. मॉडेल बंद झाल्यावरही किती वर्षे सुटे भाग मिळतील आणि बाहेरच्या मेकॅनिकला तपासणीचे सॉफ्टवेअर मिळेल का, याची लेखी हमी कंपन्यांवर बंधनकारक हवी. तोवर गाडी घेताना मायलेजबरोबर हे दोन प्रश्नही शोरूममध्ये जरूर विचारा.