सही कोणाची, अवजार कोठे?

सव्वा मीटर लांबीचे एक नायलॉनचे अवजार डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस येथे क्वान्टास कंपनीच्या ए-३८० विमानाच्या इंजिनात राहून गेले आणि तेथे बसूनच त्याने ३४ उड्डाणे केली. सुमारे २९४ तासांचा हा विनातिकीट प्रवास १ जानेवारी २०२४ रोजी, पुढच्या तपासणीत ते वेडेवाकडे झालेल्या अवस्थेत सापडले तेव्हा संपला. कोणी दगावले नाही, त्यामुळे या घटनेकडे गमतीची बातमी म्हणून पाहण्याचा मोह होतो. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाचा नोव्हेंबर २०२४ मधील अहवाल पाहिला असता मात्र तो मोह टिकत नाही.

इंजिनाच्या अंतर्भागाची पाहणी करताना कॉम्प्रेसर हाताने फिरवावा लागतो. त्यासाठी हे अवजार वापरले गेले होते. काम आटोपल्यावर आत काही परकी वस्तू राहिली आहे काय, हे पाहण्यात आले, पण ते नजरेस पडले नाही. येथवरची चूक मानवी म्हणून समजून घेता येते. परंतु पुढे अवजार जागेवर नाही हे ध्यानात आले, शोधाशोध झाली, ते मिळाले नाही. आणि हरवलेल्या अवजारासाठी विहित केलेली कार्यपद्धती सुरू न करताच, विमान सेवेस योग्य असल्याच्या दाखल्यावर सही झाली. कचेरीत काम करणाऱ्या कोणालाही अशा सहीचा अर्थ सांगावयास नको. कागद पूर्ण झाला, वस्तुस्थिती अपुरीच राहिली.

क्षुल्लक वस्तू काय करू शकते, हे पॅरिसने २५ जुलै २००० रोजी पाहिले. एअर फ्रान्सचे कॉन्कॉर्ड धावपट्टीवरील सुमारे ४३ सेंटिमीटर लांबीच्या धातूच्या पट्टीवरून गेले, टायर फुटला, त्याच्या तुकड्याच्या आघाताने इंधनाची टाकी फुटून आग लागली. विमानातील १०९ व जमिनीवरील ४ माणसे प्राणांस मुकली. ती पट्टी काही मिनिटे आधी उडालेल्या कॉन्टिनेन्टल कंपनीच्या डीसी-१० विमानातून गळाली होती आणि दुरुस्तीत ती निर्मात्याच्या सूचनांनुसार बसविली गेली नव्हती, असे फ्रेंच चौकशीत निष्पन्न झाले. २०१० मध्ये न्यायालयाने कंपनीबरोबर एका कारागिरासही दोषी ठरविले. २०१२ मध्ये अपिलात दोघेही फौजदारी जबाबदारीतून सुटले, कंपनीची दिवाणी जबाबदारी तेवढी राहिली. आम्हांस हा दुसरा निर्णय अधिक शहाणपणाचा वाटतो. विसरभोळेपणास तुरुंगाची भीती घातली, तर पुढचा कारागीर हरवलेला पाना शोधण्याऐवजी लपवील.

वास्तविक उपाय साधे आहेत. अवजारांच्या पेटीत प्रत्येकाच्या आकाराची खाच असते, रिकामी खाच लगेच डोळ्यांत भरते. अवजारांवर क्रमांक असतात, देण्याघेण्याची नोंद असते. शस्त्रक्रियेत पोट शिवण्यापूर्वी परिचारिका बोळे मोजते, त्यातलाच हा प्रकार. अडचण मोजणीची नाही. मोजणी चुकली असे आढळल्यावर, चारशेहून अधिक आसनांचे विमान उभे असताना, ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे आणि तो वापरल्यावर त्याचे काय होते, हा खरा प्रश्न होय. विसरणाऱ्यास क्षमा असावी; ठाऊक असूनही सही करणाऱ्यास ती असू नये, आणि अशी सही घाईने मागणाऱ्या व्यवस्थापनास तर मुळीच नसावी. चौकशीचे बोट बहुधा सर्वांत खालच्या हातापाशी येऊन थबकते, हा अनुभव केवळ विमानांपुरता नाही.

नागपूरच्या मिहान परिसरात विमान-दुरुस्तीचे केंद्र आहे आणि आपल्याकडील अनेक तरुण या व्यवसायाकडे वळत आहेत. अशा केंद्रांची क्षमता सांगताना किती विमाने वेळेत बाहेर पडली, याचे आकडे अभिमानाने दिले जातात. अवजार सापडेपर्यंत किती विमाने रोखून धरली गेली, हा आकडाही त्यांच्या शेजारी छापला जावा.