अश्मयुगाच्या नावाखाली कुणाची भाषा?

परवा एका स्नेह्यांकडे जेवायला गेलो होतो. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने स्वतःच्या गेमसाठी रचलेली भाषा दाखवली. काळ वीस हजार वर्षांपूर्वीचा, माणसं मॅमथ मारणारी, भाषा बहुसंश्लेषी. म्हणजे कर्ता, कर्म, क्रिया, नकार सगळं एकाच लांबलचक शब्दात गुंफणारी. "अशीच का रे?" विचारलं. "प्रिमिटिव्ह वाटते ना, काका!"

मुलाची मेहनत खरी होती. माझं भांडण त्या एका विशेषणाशी आहे.

वीस हजार वर्षांपूर्वी माणसं कशी बोलत, हे कुणालाच ठाऊक नाही. लेखनाचा पुरावा जेमतेम पाच हजार वर्षांचा. भाषांची तुलना करून त्यांची पूर्वरूपं शोधण्याची पद्धतही त्यामागे काही हजार वर्षं जाऊन थकते. तेव्हा इथे कल्पनेला मोकळं रान आहे, आणि ते असावंच. २०१६च्या 'फार क्राय प्रायमल' गेमसाठी केंटकी विद्यापीठाच्या अँड्र्यू आणि ब्रेना बर्ड यांनी आदि-इंडो-युरोपीयच्या आधारे 'वेंजा' रचली. पण आदि-इंडो-युरोपीय बोलणारं आज कुणी उरलेलं नाही.

बहुसंश्लेषी भाषा बोलणारे मात्र याच देशात आहेत. अलास्कातल्या युपिकमध्ये 'तो रेनडिअरच्या शिकारीला जाणार असं त्याने अजून पुन्हा म्हटलेलं नाही' हे सगळं एका शब्दात मावतं. हा शब्द बोलणारा माणूस स्मार्टफोनही वापरतो. त्याचं व्याकरण उचलून मॅमथवाल्याच्या तोंडी घालायचं आणि वर 'प्रिमिटिव्ह' म्हणायचं, म्हणजे जिवंत माणसाला संग्रहालयाच्या काचेआड उभं करणं.

कुणी म्हणेल, लहान, एकमेकांना ओळखणाऱ्या समूहांच्या भाषा जास्त गुंतागुंतीच्या असतात असं काही भाषाशास्त्रज्ञच मांडतात, आणि प्रागैतिहासिक टोळ्या लहानच होत्या. मुद्दा विचार करण्याजोगा आहे. पण ॲझ्टेक साम्राज्याची नाहुआत्लही बहुसंश्लेषीच, आणि ती आजही दहा लाखांहून अधिक लोक बोलतात. शिवाय अमेरिका खंडात छापलेलं पहिलं संपूर्ण बायबल इंग्रजीत नव्हतं. जॉन एलियटने ते १६६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या केंब्रिजमध्ये छापून घेतलं, वाम्पानोआग लोकांच्या बहुसंश्लेषी भाषेत. पुढे ती भाषा बोलणारे संपले. १९९३ पासून जेसी लिटल डो बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच जुन्या कागदपत्रांतून ती पुन्हा मुलांच्या तोंडी आणली.

'मागासलेली भाषा' हे निरुपद्रवी विशेषण नाही. १८७९ मध्ये पेन्सिल्व्हेनियात कार्लाइलची निवासी शाळा उघडली. तिथे आणलेल्या मूलनिवासी मुलांना स्वतःच्या भाषेत बोलायला बंदी होती.

आणि आपण तरी कुठे वेगळे? बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागातली निहाली जगातल्या कुठल्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही. आपण मात्र तिला 'आदिवासी बोली' म्हणून मोकळे होतो. 'घरासमोरच्यांनीसुद्धा' हा शब्द आपण सहज बोलतो, तेव्हा आपल्याला गुहा आठवत नाही.

म्हणून त्या मुलाला इतकंच सांगितलं: भाषा जरूर रच. व्याकरण युपिककडून घेतलंस, तर श्रेयनामावलीत युपिकचं नाव लिही. गेम विकलास, तर ती भाषा बोलणाऱ्या माणसाला सल्ल्याचे पैसे दे. आणि ते विशेषण आधी खोड.