जाहीर आवाहन : बाळंतिणीला मोकळी ठेवा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील बंधू-भगिनींनो,

डोळखांबला असो वा टोकावड्याला, अपुऱ्या दिवसांचं बाळ जन्मलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : काचेची पेटी मिळेल का? काही बाळांना पेटीवाचून इलाज नसतो, हे खरं. पण दीड-पावणेदोन किलोच्या पुष्कळ बाळांना हवी ती ऊब आईच्या उघड्या छातीवर मिळते, आणि तिला वीज लागत नाही. कोलंबियात बोगोटा इथं डॉ. एदगार रेय यांनी १९७८ साली पेट्या कमी पडतात म्हणून बाळं आयांच्या छातीशी बांधली. तेव्हाचा तो नाइलाज आज पहिल्या पसंतीचा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत हे तपासलं. बाळ स्थिरावण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी धरलं, तर मृत्यू पाव हिश्शानं कमी झाले, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं.

रीत साधी आहे. बाळाच्या अंगावर टोपी, मोजे, लंगोट एवढंच. ते दोन्ही स्तनांच्या मध्ये उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, नाक-तोंड मोकळं. वरून मऊ लुगड्याचा पट्टा, बाळ घसरणार नाही पण श्वास अडणार नाही इतपत आवळून. एका बैठकीत तासाहून कमी नको. दिवसाचे निदान आठ तास भरायला हवेत.

अडतं ते इथंच. आठ तास बाळ छातीशी धरणाऱ्या बाईनं पाणी कधी भरायचं, भाकऱ्या कधी थापायच्या? म्हणून हे आवाहन आईला नाही, बाकी सगळ्यांना आहे. शेजारणींनो, तिची चूल महिनाभर वाटून घ्या. सोयर आहे म्हणून बापानं बाळाला शिवायचं नाही, हा नेम या वेळी बाजूला ठेवा. बापाची छातीही तेवढीच ऊबदार असते. बाळाचं वजन भरेपर्यंत अंघोळ आणि धुरी नको, गुटी-मध तर नकोच. आजीला राग येईल. तिच्याही छातीशी बाळ द्या, राग जाईल.

वीटभट्टी मालकांनो, दिवाळीनंतर जगायला आलेल्या कातकरी-ठाकूर कुटुंबातली बाई तुमच्या भट्टीवर बाळंत झाली, तर उचल फिटायची आहे म्हणून तिला विटा वाहायला लावू नका. नवऱ्यालाही चार दिवस सोडा.

बाळाचं पोट गरम आणि तळपाय गार लागले, तर ते गारठू लागलंय. लगेच छातीशी घ्या. पोटही गार लागलं, दूध ओढेनासं झालं, धाप लागली किंवा तळहात-तळपाय पिवळे दिसले, तर आशाताईला हाक मारा आणि १०८ ला फोन करा. वाटेतही बाळ छातीशीच राहू द्या.

वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खर्च करणाऱ्यांनी शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात, मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी विचारावं आणि हवं असेल ते द्यावं : मागे रेलता येईल अशा खुर्च्या, पुढून उघडणारे सुती गाऊन. आणि बाळ बघायला जाणाऱ्यांनी बिस्किटांचे पुडे नेऊ नयेत. बाळंतिणीचा आणि तिच्या सोबतीचा जेवणाचा डबा न्यावा.