गोधडीचे मोल

माणसाची किंमत त्याच्या वस्त्रांवरून करू नये, हे सर्वजण जाणतात. परंतु वस्त्राची किंमत कशावरून करावी, याचा विचार फारसे कोणी करीत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील काळ्या जमिनीत पावसाळ्याच्या आरंभी कापूस पेरतात आणि दिवाळीच्या सुमारास त्याची वेचणी सुरू होते. पुढे सरकी काढणे, सूत कातणे, विणणे, रंगविणे असे संस्कार झाले म्हणजे त्याचे वस्त्र होते. एका सुती सदऱ्यामागे, पिकापासून कापडापर्यंत, सुमारे २,७०० लिटर पाणी खर्ची पडते, असा एक जागतिक अंदाज आहे. इतक्या सायासाने सिद्ध झालेले वस्त्र चार वेळा अंगात घालून फेकून देणे, हा शेतकऱ्याच्या घामाचा अनादर होय.

खेड्यातील स्त्रियांनी असा अनादर होऊ दिला नाही. विरलेली लुगडी व फाटकी धोतरे स्वच्छ धुऊन त्यांचे थर एकावर एक अंथरावयाचे, वरून त्यातल्या त्यात धड लुगडे घालावयाचे आणि कडेपासून धावदोरा घालीत गोधडी शिवावयाची, ही त्यांची रीत. थरांमध्ये हवा कोंडून राहते. म्हणून गोधडी ऊब देते. तीही झिजली, की तिच्या चिंध्यांचे पोतेरे होई. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे आणि नामदेवांचे घराणे शिंप्याचे होते. फाटलेले सांधण्याची विद्या या मातीला परकी नाही.

गोधडी गरिबीतून जन्मली, हे खरे. आज मात्र ती शहरांतील दुकानांत ‘पर्यावरणस्नेही’ अशी चिठ्ठी लावून चढ्या भावाने विकली जाते. कित्येकांना हे ढोंग वाटते. परंतु आत खरोखरच जुने कापड असेल आणि शिवणाऱ्या बाईच्या पदरी श्रमाचे योग्य दाम पडत असेल, तर त्यात वावगे काय? कोरे कापड कापून गोधडीचा केवळ आव आणला, तर मात्र ती चिठ्ठी खोटी ठरते.

हल्ली पुष्कळ कपडे पॉलिएस्टरचे असतात. ते टाकून दिले, तरी सुती कापडाप्रमाणे लवकर कुजत नाहीत. म्हणून कपडे मोजके घ्यावेत, तुटलेली गुंडी आपल्या हाताने लावावी, उसवलेली शिवण वेळीच घालावी आणि थोरल्याचा सदरा धाकट्याने आनंदाने वापरावा; त्यात कमीपणा मुळीच नाही. वस्त्र किती काळ आणि किती रूपांनी उपयोगी पडले, यावरूनच त्याची किंमत करावी.