कोंड्याचा मांडा, मांड्याचा कोंडा

पावसाळा लागला की मराठी घरांत दोन विषय हमखास निघतात. एक कांदाभजी आणि दुसरा रस्त्यावरचे खड्डे. पुण्यात तर खड्ड्यांचा विषय जंगली महाराज रस्त्याचे नाव घेतल्याशिवाय संपतच नाही. १९७६ साली पूर्ण झालेला हा रस्ता पुढे चार दशके पुणेकर मंडळी पाहुण्यांना कौतुकाने दाखवीत आली. महापालिकेने हे काम मुंबईच्या रेकॉन्डो या कंपनीला दिले होते आणि कंपनीने दहा वर्षांची हमी लिहून दिली होती. खड्डा पडला तर आमच्या खर्चाने बुजवू, असा त्या हमीचा सरळ अर्थ. हे काम निविदा न मागवता दिले गेले, हेही पुणेकर हटकून सांगतात. आज कोणी असे केले तर चौकशी लागेल, आणि लागायलाच हवी. त्यामुळे त्या गोष्टीतून निविदा मोडीत काढा, असा बोध कोणी घेऊ नये. मला महत्त्वाची वाटते ती हमी. ज्याला दहा वर्षे स्वतःच्या खिशातून खड्डे बुजवायचे आहेत, तो डांबरात हात मारण्यापूर्वी दहादा विचार करतो.

बांधकाम निकृष्ट निघाले की ठरलेले उत्तर येते : ‘‘एवढ्या पैशात एवढेच होणार.’’ हे उत्तर मला कधीच पटलेले नाही. आपल्या आयाआज्यांनी तुटपुंज्या पगारात कोंड्याचा मांडा करून संसार केले. पैसे कमी आणि काम चांगले हे जमते, पण त्यासाठी काटकसर कुठे करायची याची अक्कल लागते. १९४५ साली भारतात आलेले आणि पुढे केरळात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती दाखवून दिली. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या आणि भिंतीच्या पोटात पोकळी सोडायची, ही त्यांची आवडती पद्धत. विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात, चुना-सिमेंट कमी लागते आणि पोकळीतल्या हवेमुळे घर थंड राहते. गिलावा नसल्याने तोही खर्च वाचतो. मात्र उघडी वीट गवंड्याच्या हाताची परीक्षा घेते, तिथे काहीच झाकता येत नाही. बेकरांनी वस्तू कमी केली. कसब कमी केले नाही.

आपल्याकडे नेमके उलटे घडते. सरकारी कामाचे अंदाजपत्रक निघते, निविदा मागवल्या जातात आणि कंत्राटदार अंदाजपत्रकाच्या वीस-वीस, तीस-तीस टक्के ‘बिलो’ जातात. सगळ्यात कमी दरवाल्याला काम देणे अधिकाऱ्याच्या दृष्टीने सुरक्षित असते, कारण जास्त दरवाला का निवडला याचा जाब द्यावा लागतो. कमी दरवाला का निवडला, हे कोणी विचारीत नाही. मग मुख्य कंत्राटदार काम पोटकंत्राटदाराला देतो, तो मुकादमाला, मुकादम माणसे आणतो. प्रत्येक पायरीवर काही ना काही गळते. सिमेंटच्या गोण्या आणि सळई मोजता येतात, म्हणून तिथे थोडीफार भीती असते. गळती होते ती न मोजल्या जाणाऱ्या गोष्टींत.

त्या गोष्टी कोणत्या, हे एखादा स्लॅब पडताना पाहिले की कळते. (इथे ‘पडणे’ म्हणजे घातला जाणे, आपल्या भाषेने दोन्हींना एकच शब्द ठेवला आहे, यात काही सुचवायचे असेल तर कल्पना नाही.) पन्नास किलोच्या एका गोणीला साधारण पंचवीस लिटर पाणी पुरते. पण माल घट्ट असला की पसरायला जड जातो, म्हणून बिगारी वर आणखी एक बादली ओततो. हे जादा पाणी पुढे उडून जाते आणि काँक्रीटमध्ये बारीक छिद्रे ठेवून जाते. त्यांतून ओल सळईपर्यंत पोहोचते, सळई गंजते, गंज फुगतो आणि दहा-बारा वर्षांनी छताचे पोपडे आपल्या जेवणाच्या ताटात पडू लागतात. सळईखाली जे चौकोनी ठोकळे ठेवायचे, ते कव्हर ब्लॉक काही रुपयांचे असतात. त्यांच्या जागी खडीचा तुकडा सरकवला जातो. सगळ्यांत दुर्लक्षित काम म्हणजे पाणी मारणे. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस आणि हल्ली सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ओले ठेवावे, असे भारतीय मानक सांगते. यासाठी लागते काय? गोणपाट, पाण्याची नळी आणि नियमाने येणारा एक माणूस. पूर्ण स्लॅबच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळ आहे. तरीही तिसऱ्या दिवशी तो माणूस दुसऱ्या साइटवर पाठवला जातो, कारण त्याची मजुरी दिसते आणि त्याच्या नसण्याने झालेले नुकसान दिसायला वेळ लागतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीसाठी चार निविदा आल्या. सर्वांत कमी आकड्यावर सभेत टाळ्या पडायच्याच बाकी होत्या. आमच्यातले एक निवृत्त अभियंता काका उठले आणि त्यांनी एवढेच विचारले, ‘‘यात मचाण किती दिवसांचे धरले आहे? पाणी मारायला माणूस कोणाचा? क्यूब टेस्टचे पैसे कोण देणार?’’ सर्वांत स्वस्त निविदेत या तिन्हींचा उल्लेखच नव्हता. ते खर्च मिळवल्यावर पहिल्या आणि दुसऱ्या निविदेतले अंतर जवळजवळ मिटले. आम्ही दुसऱ्याला काम दिले, बिलाचे टप्पे पाडले आणि पाच टक्के रक्कम दोन पावसाळे राखून ठेवली. त्या दोन पावसाळ्यांत कंत्राटदाराचा माणूस गळती शोधायला न बोलावता येत असे.

हे सोसायटीपुरते ठीक, मोठ्या कामाचे काय, असे कोणी म्हणेल. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात घरे उभारण्याचा जो प्रचंड कार्यक्रम झाला, तो या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. पूर्ण उद्ध्वस्त झालेली गावे नव्या जागी वसवली गेली. ते काम बहुतांशी कंत्राटदारांनी आणि संस्थांनी केले. पण ज्या लाखांवर घरांना तडे गेले होते, त्यांची दुरुस्ती घरमालकांवरच सोपवली गेली. पैसे हप्त्याने मिळत आणि आधीचा टप्पा पाहून अभियंत्याने होकार दिला की पुढचा हप्ता सुटे. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणे, भिंतीभोवती पट्टा बांधणे, या साध्या युक्त्या गवंड्यांना शिकवल्या गेल्या. गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका संवाद सहाय्यक म्हणून घरोघरी फिरून हे समजावून सांगत. ज्या बाईला त्याच छपराखाली लेकरे झोपवायची आहेत, तिच्याइतका कडक सुपरवायझर कोणत्या खात्यात मिळणार?

मुदत कमी म्हणून काम वाईट, हेही खरे नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या पुरात गेल्या. त्या जागी नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला आणि जून २०१७ मध्ये वाहतुकीला खुला झाला. सगळ्या राज्याचे लक्ष तिथे होते. असे लक्ष आडगावच्या मोरीकडे कोण देणार, हा खरा प्रश्न.

केंद्राच्या अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये एक दार किलकिले केले. गुणवत्तेला महत्त्व असलेल्या कामांत दरासोबत गुणवत्तेचेही गुण धरता येतील, मात्र त्यांचे वजन तीस टक्क्यांपलीकडे नसावे, असा तो नियम. सत्तर टक्के अजून पैशाकडेच आहेत. शिवाय गुणवत्तेचे गुण देणार कोण आणि कशावरून, हा प्रश्न उरतोच. माझ्या मते त्या कंत्राटदाराची पाच-सात वर्षांपूर्वीची कामे आज कशी आहेत, हे जाऊन पाहणे हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

घर घेणाऱ्याच्या हाती तर २०१७ पासून रेराचा कायदा आहे. ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामात किंवा कारागिरीत दोष आढळला आणि तो कळवला, तर बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा आहे. आपल्यातले बहुतेक जण मात्र पहिल्या पावसात भिंतीवर ओल दिसली की रंगाऱ्याला बोलावतात. तेव्हा आज रविवार आहेच, तर घर नवे असणाऱ्यांनी कपाटातून ताबापत्र काढून त्यावरची तारीख पाहून घ्यावी.